गिलीमलेची काटकी

काटकी अंगठ्याएवढी जाड होती आणि पाण्याने इतकी मुरलेली की मोडताना आवाजच आला नाही, भिजलेला पुठ्ठा फाटावा तशी ती उघडली. आत एक लांबट पोकळी, तिच्यात कण्यांसारख्या पांढऱ्या अळ्या एकमेकींना चिकटून पडलेल्या, आणि त्यांच्यावरून सैरावैरा धावणाऱ्या पिवळ्याजर्द मुंग्या, असतील वीस-पंचवीस. एकीने धावता धावता तोंडात एक अळी उचलली, दुसरीने दुसरी, आणि मी नीट टेकून बसेपर्यंत निम्म्या अळ्या काटकीच्या अंधाऱ्या टोकाकडे गेल्यासुद्धा.

"कंबर बघा आधी," अय्या म्हणाले आणि भिंग माझ्या हातात दिलं. सिंहलात मोठ्या भावाला अय्या म्हणतात, आमच्या सोबतच्या त्या संशोधकांना सगळे तेच म्हणायचे, मीपण म्हणायला लागले. जंगलात काय उचलायचं आणि काय नाही याचं परमिट त्यांच्या नावावर होतं, त्यामुळे आम्ही बाकीचे फक्त बघणार, हात लावणार नाही, हे आधीच ठरलेलं.

जागा म्हणजे गिलीमले. श्रीलंकेच्या रत्नपुरा जिल्ह्यात, श्रीपाद पर्वताच्या पायथ्याकडे उरलेलं सखल पावसाळी जंगल. वर उंच झाडांचं छत, खाली कायम संध्याकाळ असल्यासारखा उजेड, आणि जमिनीवर पालापाचोळा इतका ओला की पाय ठेवला की पाणी वर येतं. जळवा तर विचारू नका. पण मी तिथे गेले होते ती या अडीच-तीन मिलिमीटरच्या मुंगीसाठी, जिचं नाव मी काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा वाचलं आणि मग डोक्यातून गेलंच नाही: अन्युरेटस सिमोनाय.

का गेलं नाही ते सांगते. जगात मुंग्यांच्या साधारण १४,००० जातींना आतापर्यंत शास्त्रीय नाव मिळालंय. या जाती शेकडो जीनसमध्ये वाटलेल्या आणि ते जीनस पुढे सोळा-सतरा उपकुलांमध्ये. (मराठीत जीनसला प्रजाती म्हणतात आणि स्पीशीजला जाती, पण रोजच्या बोलण्यात आपण दोन्हीला प्रजातीच म्हणून टाकतो आणि गोंधळ होतो, म्हणून मी इथे जीनस हाच शब्द ठेवते.) उपकुल म्हणजे मोठं घराणं समजा. काही घराण्यांत हजारो जाती आहेत. आणि या मुंगीचं काय, तर तिच्या जीनसमध्ये आज ती एकटी, तिच्या अख्ख्या उपकुलात ती एकटी, आणि श्रीलंका सोडून जगात कुठेही ती सापडलेली नाही. एक घराणं, एक जात, एक बेट.

असं एकाच जातीवर आलेलं उपकुल मुंग्यांमध्ये फारच क्वचित. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधली मार्शिआलिस ह्युरेका तशी आहे, २००८ साली तिचं वर्णन झालं, पण ती जमिनीखाली राहणारी आंधळी मुंगी आणि तिच्याबद्दल हातात फार थोडं आहे. अन्युरेटसचं तसं नाही. तिच्यावर माणसांनी सव्वाशे-दीडशे वर्षांत बरंच काम केलंय, आणि ते काम कसं झालं ते वाचताना मला पहिल्यांदा कळलं की वर्गीकरण म्हणजे डब्यांवर लेबलं लावणं नव्हे, ते नाती शोधणं आहे, आपल्याकडे वंशावळ काढतात ना अगदी तसं, की हा कुणाचा कोण आणि तो कुठल्या शाखेचा.

तर १८९२ च्या सुरुवातीला युजीन सिमोन नावाचा फ्रेंच माणूस सिलोनला आला. तो मूळचा कोळ्यांचा माणूस, म्हणजे आठ पायांच्या कोळ्यांचा, त्या विषयातला त्याच्या काळातला फार मोठा तज्ज्ञ. कोळी गोळा करताना पालापाचोळा चाळला की मुंग्याही येणारच. त्या मुंग्या गेल्या इटलीत मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या कार्लो एमेरीकडे, आणि १८९३ साली एमेरीने त्यातल्या एका पिवळ्या मुंगीसाठी नवा जीनस केला, अन्युरेटस, आणि जातीला सिमोनचं नाव दिलं. कोळ्यांच्या माणसाचं नाव मुंगीला लागलं आणि तेही अशा मुंगीला, हे मला फार छान वाटतं.

आता ती कंबर. भिंग डोळ्याला लावून मी खाली वाकले तेव्हा आधी काहीच दिसेना, मुंगी थांबेल तर ना. मग एक मुंगी अळी ओढताना अडकली आणि क्षणभर थांबली आणि दिसलं. मुंग्यांना छाती आणि पोट यांच्यामध्ये एक बारीक देठ असतो, कुणाला एका गाठीचा, कुणाला दोन गाठींचा. हिचा एकाच गाठीचा, पण गाठीच्या पुढचा देठ लांबच लांब, त्यामुळे ती मुंगी सगळी जणू ताणून लांब केल्यासारखी दिसते. छातीच्या मागच्या टोकाला दोन काटे, तिरके, टोकदार. आणि पोटाच्या टोकाला, हे भिंगातून मला दिसलं नाही पण पुस्तकातून माहीत होतं, डंख. खराखुरा, वापरातला.

सगळा घोळ इथेच आहे. डॉलिकोडेरिनी नावाचं एक मोठं उपकुल आहे, ७०० च्या वर जाती. त्यातल्या काही तुम्ही नक्की पाहिल्यात, उष्ण प्रदेशांत घराघरांत फिरणारी ती अगदी बारीक मुंगी, डोकं काळसर आणि बाकी अंग जवळजवळ पारदर्शक, बोटाखाली चिरडली की विचित्र वास येतो, ती त्यातलीच. या उपकुलाची कंबर एका गाठीची, पण त्यांचा डंख गेलेला, उरलाय तो नावापुरता. डंखाच्या जागी त्या रसायनांवर अवलंबून असतात, पोटाच्या मागच्या ग्रंथीतून वासाचा द्रव सोडतात. मग कंबर यांच्यासारखी पण डंख मात्र जुन्या शिकारी मुंग्यांसारखा, अशा मुंगीला बसवायचं कुठे? एमेरीने १९१३ साली तिला डॉलिकोडेरिनीमध्येच ठेवून तिच्यासाठी वेगळा गट केला. पुढे १९५१ मध्ये त्या गटाला स्वतंत्र उपकुलाचा दर्जा दिला गेला. पण तोवर जिवंत मुंगी नीट अभ्यासलेली अशी कुणाकडे नव्हतीच, होते ते टाचणीला लावलेले जुने थोडे नमुने.

मग १९५५ साली एडवर्ड विल्सन हा अमेरिकन मुंगी-अभ्यासक श्रीलंकेत आला. तेव्हा तो पंचविशीतला, नाव व्हायचं होतं. लहानपणी, सात वर्षांचा असताना, मासे पकडताना एका माशाचा काटा लागून त्याचा उजवा डोळा जवळपास गेला होता, त्यामुळे लांबचे पक्षी-प्राणी बघण्यापेक्षा हातात धरून डोळ्याजवळ नेता येईल अशा किड्यांकडे तो वळला. न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया वगैरे फिरून तो इथे आला तो मुख्यतः या एका मुंगीसाठी. आधी कँडीत शोधलं, तिथे बुद्धाच्या दंतमंदिराच्या मागेच उडवट्टकेले नावाचं जंगल आहे, तिथे हाती काही लागलं नाही. मग तो रत्नपुऱ्याला गेला आणि या बाजूच्या जंगलात त्याला ती मिळाली, जिवंत, वस्तीसकट, राणीसकट. मी त्याच रस्त्याने कँडीहून रत्नपुऱ्याला बसने आले आणि येताना खिडकीबाहेर मैलोनमैल चहाचे मळे आणि खाली उतरल्यावर रबर बघताना सारखं वाटत होतं की याच्या आधी इथे काय असेल, किती काटक्या असतील.

१९५६ साली विल्सनने बाकी तिघांबरोबर या मुंगीवर सविस्तर लिहिलं, आणि ते तिघे कोण होते ते बघण्यासारखं आहे. टॉमस आयस्नर मुंग्यांच्या आतल्या अवयवांचा, विशेषतः पोटात अन्न अडवून ठेवणाऱ्या झडपेचा अभ्यास करायचा. आणि जॉर्ज आणि जीनेट व्हीलर हे नवरा-बायको, ज्यांनी उभं आयुष्य मुंग्यांच्या अळ्या बघण्यात घातलं. म्हणजे बाहेरचं अंग, आतलं पोट आणि बाळपण, तिन्ही बाजूंनी एकाच मुंगीची चौकशी. अळीवरूनही नातं कळतं हे मला माहीतच नव्हतं. मोठेपणी चेहरे बदलतात पण तान्ह्या बाळाकडे बघून म्हातारी माणसं बरोबर सांगतात ना की हे आईच्या वळणावर गेलंय, तसंच काहीसं.

त्या काळात तिच्याकडे जुन्या डंखवाल्या मुंग्या आणि डॉलिकोडेरिनी यांना जोडणारा दुवा म्हणून बघितलं गेलं आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी तिला 'आदिम मुंगी', 'जिवंत जीवाश्म' असं लिहितात. मला हे शब्द आवडत नाहीत. वाटतं की ती कुठेतरी अडकून बसली आणि बाकीच्या पुढे निघून गेल्या. २००६ साली मुंग्यांच्या डीएनएवर दोन मोठे अभ्यास आले आणि त्यात हे नातं स्वच्छ झालं: अन्युरेटसचं घराणं आणि डॉलिकोडेरिनी या सख्ख्या शाखा, एकाच आईच्या दोन लेकी. त्यांच्या जवळच्या नात्यात ऑस्ट्रेलियाच्या त्या मोठ्या डोळ्यांच्या बुलडॉग मुंग्या आणि झाडांच्या पोकळ फांद्यांत राहणाऱ्या सडपातळ मुंग्यांचं एक घराणं येतं. म्हणजे अन्युरेटस ही डॉलिकोडेरिनीची आजी नाही, बहीण आहे. तिलाही मागे तितकीच वर्षं आहेत जितकी त्यांना. एका बहिणीच्या घरी सातशेच्या वर जाती नांदतात, त्यातल्या अर्जेंटिनाच्या मुंगीने तर माणसाच्या जहाजांतून अर्धं जग गाठलं, दक्षिण युरोपच्या किनाऱ्याने तिची एकच वसाहत हजारो किलोमीटर पसरलीय. आणि दुसऱ्या बहिणीच्या वंशाला हा एकच दिवा, तोही ओल्या काटकीत.

पण हे नेहमीच असं नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त हलवलं ते याने. बाल्टिक समुद्राकाठी झाडांच्या राळेचा जो पिवळा अंबर सापडतो, साधारण चार कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात याच घराण्याच्या मुंग्या अडकलेल्या मिळाल्यात. १९१५ मध्ये विल्यम मॉर्टन व्हीलरने (हे व्हीलर वेगळे) त्यांचं वर्णन केलं, प्रोटॅन्युरेटस आणि पॅरॅन्युरेटस. मग १९३० साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फ्लोरिसंटच्या खडकांतून मायन्युरेटस निघाली, तो खडक साधारण तीन कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीचा. नंतर रशियाच्या पूर्वेला सखालिन बेटावरच्या अंबरमध्येही एक. नकाशावर ठिपके देऊन बघा, युरोपचं टोक, अमेरिकेचा मध्य, आशियाचं पूर्व टोक. उत्तर गोलार्धात सगळीकडे हे घराणं होतं. मग थंडी वाढत गेली, जंगलं बदलली, आणि एकेक ठिपका विझत गेला. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, जिथे दोन्ही मोसमी पावसांचं पाणी मिळतं आणि जंगल कधी पूर्ण कोरडं पडत नाही, तिथे उरली ही.

जीवाश्मांच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे कारण ती वर्गीकरण करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाची आहे. म्यानमारच्या अंबरमध्ये, जो जवळपास दहा कोटी वर्षांपूर्वीचा, एक पंखवाला कीटक सापडला होता आणि १९९६ साली त्याला बर्मोमिर्मा नाव देऊन याच उपकुलात ठेवलं. झालं, घराण्याचं वय एकदम डायनासोरांच्या काळापर्यंत गेलं. मग २०१८ मध्ये पुन्हा नीट तपासलं तेव्हा लक्षात आलं की ही मुंगीच नाही, गांधीलमाश्यांच्या बाजूच्या दुसऱ्याच एका लुप्त कुळातला कीटक आहे. नावात मुंगी राहिली, कारण नाव बदलत नाहीत, पण वंशावळीतून ते पान काढलं. कुणाचा मान गेला नाही, कुणी भांडत बसलं नाही. पुरावा बदलला, नातं बदललं.

अय्या काटकीच्या बाजूला उकिडवे बसून दोन मुंग्यांकडे बोट दाखवत होते. "हिचं डोकं बघा आणि हिचं." एक बारीक, दुसरी तिच्या मानाने अंगानेही मोठी आणि डोकं तर फारच मोठं, चौकोनी. या मुंगीत कामकरी दोन मापांच्या असतात, छोट्या आणि मोठ्या, मधलं माप जवळपास नसतंच. एवढी लहान वस्ती, शंभराच्या आत मुंग्या, तरीही कामाची ही विभागणी आहे. मोठ्या वारुळांत लाखो मुंग्या असतात तिथे शिपाई असणं समजतं, पण इथे काटकीच्या आत मावणाऱ्या संसारातसुद्धा दोन तऱ्हेच्या कामकरी वाढवायच्या म्हणजे त्या मोठ्या डोक्यांचा खर्च परवडत असणार, त्याशिवाय अळ्यांना तेवढं खाऊ घातलंच नसतं.

खातात काय तर पाचोळ्यातले बारीक किडे, जिवंत मेलेले दोन्ही. एकटी मुंगी शोधत फिरते आणि काही मोठं सापडलं की घरी येताना जमिनीवर वासाची रेघ ओढत येते, मग त्या रेघेवरून बाकीच्या जातात. ही रेघ शरीराच्या कुठल्या भागातून येते हे याच गिलीमलेच्या मुंग्यांवर काम करून अनुला जयसूर्या आणि जेम्स ट्रॅनिएलो यांनी १९८१ मध्ये दाखवलं. पोटाच्या खालच्या बाजूला, टोकाजवळ एक ग्रंथी आहे, तिच्या अर्काची रेघ मुंग्यांपुढे ओढली की त्या तिच्यामागे चालतात. दुसऱ्या ग्रंथीचा, पाठीकडच्या, वास आला की खळबळ, धोका. आणि आता गंमत बघा, डॉलिकोडेरिनी मुंग्यासुद्धा आपली वाट आखतात ती पोटाच्या खालच्या बाजूच्या ग्रंथीतूनच, आणि धोक्याची सूचना पाठीकडच्या. डीएनए तपासायच्या पंचवीस वर्षं आधी वासाने सांगून टाकलं होतं की या दोघी बहिणी आहेत. एकीने डंख टाकला, एकीने ठेवला, पण वाट आखायची पद्धत दोघींच्या घरची तीच. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, खरंच.

१९९६ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. मुंगीचं नाव त्या यादीत असणं हेच मुळात दुर्मीळ. त्यानंतर श्रीलंकेतल्याच संशोधकांनी, विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी पावसात गुडघ्यावर बसून पाचोळा चाळून ती गिलीमलेच्या बाहेर नैर्ऋत्येकडच्या आणखी काही जंगलांत शोधून काढली. ही फार आनंदाची बातमी आहे आणि तिचं श्रेय त्या मुलांना मिळायला हवं. पण आनंदालाही हद्द आहे, कारण ही सगळी जंगलं म्हणजे तुकडे. ओल्या पट्ट्यातलं बहुतेक जंगल चहा, रबर, वस्ती यांत गेलंय, आणि या मुंगीला हवं ते काही वाघासारखं मोठं क्षेत्र नाही, तिला हवी सावली आणि सडकी काटकी. जंगल उभं राहूनही खालचा पाचोळा गोळा करून नेला, झाडं विरळ करून ऊन आत येऊ दिलं, की काटकी वाळते. वाळली की संपलं. आपण झाडं मोजतो, काटक्या कुणी मोजत नाही.

अय्या म्हणाले की गावात कुणाला सांगितलं की मी कूंबिया बघायला आलोय (सिंहलात मुंगीला कूंबिया म्हणतात) तर आधी आश्चर्य वाटायचं, आता तिथली शाळेची मुलं स्वतःच विचारतात की ती पिवळी दिसली का. सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला की मी भिंग बाजूला ठेवून त्यांच्याकडेच बघत राहिले.

पावसाची सर आली. त्यांनी काटकीचे दोन्ही भाग अगदी होते तसे जुळवले, फटीवर ओलं पान गुंडाळलं, वर पाचोळा लोटला आणि जवळच्या झाडाला कापडाची छोटी पट्टी बांधली. माझ्या नखावर एक मुंगी राहिली होती, छोटी. तिला पानाच्या कडेला टेकवलं तर थोडी इकडे तिकडे फिरली, मिशा हलवत, आणि मग फटीतून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बघून आम्ही परत तिथे गेलो. अय्यांनी पान हळूच उचललं, काटकी उघडली. पोकळी रिकामी होती, एकही अळी नाही, एकही मुंगी नाही, रात्रीत सगळा संसार हलवून त्या निघून गेल्या होत्या. हाताच्या अंतरावर तशाच वीस-तीस काटक्या पडलेल्या, काळ्या, मऊ, बुरशी आलेल्या, त्यातल्याच एकीत असणार. मी अय्यांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, काटकी पुन्हा जुळवून ठेवली, झाडाची पट्टी सोडून खिशात घातली आणि आम्ही त्या काटक्यांवर पाय पडणार नाही अशा बेताने, एकामागे एक, आलो त्याच वाटेने परत निघालो.